आईची सुई आणि लाल गिटार

'क्वीन' बँड म्हटलं की आपल्याला पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आठवतो. पण त्याच्या शेजारी वाजणारी ब्रायन मेची लाल गिटार कुठल्याच दुकानातली नव्हती.

1963 साली लंडनच्या या शाळकरी पोरानं वडिलांना हाताशी घेऊन ती घरीच करायला घेतली. विकत घ्यायला पैसे कुठे होते! दांडी जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची. किडीनं पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. दांडीवरचे ठिपके म्हणजे आईची शिंपल्याची बटणं. तारांचा ताण पेलायला मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, आणि सूर हलवायच्या दांड्याच्या टोकाला आईचीच विणायची सुई. माउलीचं विणकाम अडलंच असणार!

ब्रायनला ही गिटार आवडते ती नुसती मायेपोटी नाही. गिटारीच्या अंगात मुद्दाम पोकळी ठेवली आहे. त्यामुळे अँप्लिफायरसमोर उभं राहिलं की तार आपोआप घुमत राहते, सूर लांबतो. वाजवायला प्लास्टिकची पट्टी नाही, सहा पेन्सचं नाणं! त्याची खाचेदार कड तारेवर घासली की सुराला किंचित खरखर येते.

2002 साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर त्यानं वाजवली, तीही हीच.