वलगण आणि धरणाची भिंत

(तानसा भागातल्या पाड्यांच्या बैठकीत झालेलं बोलणं. ज्यांना त्या दिवशी मजुरीमुळे येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत.)



आज प्लॉटचं आणि सातबाऱ्याचं बोलणार नाय. आज माशांचं बोलायचं ठरवलंय. हे ऐकून मागे बसलेली पोरं हसली, हसू द्या. आम्हीही आधी हसलो होतो. आम्ही तिघं-चौघं बारावीपर्यंत शिकलो, भूगोलाच्या पुस्तकात गंगा वाचली, नाईल वाचली, पण आपली तानसा त्या पुस्तकात आम्हाला कुठं भेटली नाय. म्हणून पहिल्यांदा तिचंच सांगतो.

तानसा आपल्या शहापूर तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. खर्डीच्या बाजूचे ओहोळ तिला मिळतात. मग ती पश्चिमेला वळते, वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याच्या कुंडांजवळून जाते, पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणेबरोबर खाडीतून समुद्रात जाते. म्हणजे आपल्या पाड्याखालच्या ओहोळाचं पाणी समुद्राला जोडलेलं आहे. ते जोडलेलं होतं असं म्हणायला पाहिजे. कारण मधे भिंत आहे.

मुंबईला पाणी कमी पडायला लागलं तवा इंग्रजांनी १८६० मध्ये विहार तलाव केला, १८७९ मध्ये तुळशी. तेही पुरेना. मग त्यांची नजर इकडं आली आणि १८९२ मध्ये तानसा धरण पुरं झालं. जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांब दगडी भिंत. त्यानंतर वैतरणेवर मोडकसागर झालं, वरची वैतरणा झाली, भातसा झालं. सगळी धरणं आपल्याच डोंगरांत. एकट्या तानसा तलावात साडेचौदा हजार कोटी लिटर पाणी मावतं असं मुंबईचे कागद सांगतात. एवढ्या आकड्याचा आपल्याला अंदाज येत नाय, पण एप्रिल-मे महिन्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन दरड चढणाऱ्या बाईला एका हंड्याचं वजन बरोबर ठाऊक असतं. आपल्या पाड्यांच्या कडेनं माणूस उभा राहील एवढे मोठे पाइप जातात आणि त्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे आपण शंभर वेळा बोललोय, मोर्च्यात बोललोय. पण मासे किती गेले, ते कुणी बोललं नाय.

आता जरा लांब जाऊया. मागे एका शिबिरात आम्हाला कॅनडा देशाचा नकाशा दाखवला. त्या देशाच्या पश्चिमेला फ्रेझर नावाची नदी आहे. लांबी सुमारे १,३७५ किलोमीटर. बर्फाच्या डोंगरात जन्मते आणि व्हँकुव्हर शहराजवळ समुद्राला मिळते. १८०८ मध्ये सायमन फ्रेझर नावाचा गोरा व्यापारी त्या नदीनं खाली उतरला, म्हणून तिला त्याचं नाव पडलं. पण तिथं आदिवासी हजारो वर्षं राहत होते. खालच्या खोऱ्यातल्या लोकांना स्टोलो म्हणतात. त्यांच्या बोलीत स्टोलो म्हणजे नदी. लोकांचंही तेच नाव आणि नदीचंही तेच. ती नदी तिथल्या माणसांची होती हे यापेक्षा चांगल्या रीतीनं कसं सांगणार?

या नदीत सामन नावाचा मासा येतो. त्याच्या पाच जाती आहेत. हा मासा ओहोळातल्या खडीत जन्मतो, लहानपण गोड्या पाण्यात काढतो, मग नदीनं वाहत समुद्रात जातो. तिथं दोन-तीन वर्षं खाऊन मोठा होतो. आणि मग परत फिरतो. ज्या ओहोळात जन्मला त्याच ओहोळात, पाण्याचा वास ओळखत. काही मासे हजार किलोमीटर प्रवाहाच्या विरुद्ध चढतात. गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं बंद करतात. एका जातीचा रंग लाल भडक होतो. मादी शेपटीनं खडीत खड्डा करते, अंडी घालते, आणि नर-मादी दोघं तिथंच मरतात. ते मेलेले मासे अस्वलं खातात, गरुड खातात, उरलेलं झाडांना खत होतं.

हे ऐकल्यावर आमच्यातला एक कातकरी भाऊ पटकन म्हणाला, "ही तर वलगणच झाली!"

बरोबर आहे. मिरगाचा पहिला दणका झाला, ओहोळ तांबडे होऊन वाहायला लागले की आपले मासे काय करतात? गाभोळीनं भरलेले मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून बांध ओलांडून भाताच्या खाचरात चढतात. मळ्ये, खवल, शिंगटी, कधी मरळ. रात्री बत्ती घेऊन, कोयता घेऊन, टोपली घेऊन सगळा पाडा बाहेर पडतो. बांधाला बांबूच्या कामट्यांची खोईन लावलेली असते. कुणी पाग टाकतो. बाया हातानं धरतात. खाचरातल्या उथळ पाण्यात अंडी फुटतात, पिल्लं भातात वाढतात, आणि पाऊस कमी झाला की उतरणीला लागून परत नदीत जातात. फरक एवढाच की आपले मासे समुद्रातून येत नाहीत आणि अंडी घालून मरत नाहीत. एक मात्र उलटा मासा आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या नद्यांत अहिर म्हणतात ती मोठी वाम. ती गोड्या पाण्यात वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते. तिला तर खाली जायला आणि तिच्या पिल्लांना वर यायला, दोन्ही वाट लागते. भिंत बांधल्यावर तिनं कुठून जायचं?

फ्रेझर नदीवरही असंच झालं. तिथं एक अरुंद खिंड आहे, नदी जेमतेम ३५ मीटर रुंद, पाणी उकळल्यासारखं धावतं. गोऱ्यांनी तिला नरकाचा दरवाजा असं नाव दिलंय. १९१३ साली समुद्रातून सामन फार मोठ्या संख्येनं आला. त्याच वेळी त्या खिंडीच्या कडेनं रेल्वेचं काम चालू होतं. फोडलेला दगड त्यांनी सरळ नदीत ढकलला. १९१४ मध्ये मोठी दरडही कोसळली. वाट बुजली, माशांना चढता येईना. मासे खाली खडकांवर डोकं आपटत मेले. वरच्या गावांत पुढची कित्येक वर्षं मासा नाय. तीस वर्षांनी, १९४५-४६ मध्ये, सरकारनं तिथं माशांना चढायला सिमेंटच्या वाटा करून दिल्या. एक मात्र नोंदवायचं. त्या नदीच्या मुख्य प्रवाहावर आजपर्यंत धरण नाय. बांधायचं चाललं होतं, पण मासा मरेल म्हणून विरोध झाला आणि ते मागे पडलं. म्हणजे माशासाठी धरण थांबतं, जगात थांबलेलं आहे. आपल्याकडं असं बोललं तर साहेब हसतात.

आता कायद्याचं ऐका, हे महत्त्वाचं आहे. नदीच्या मुखाशी मासे डब्यात भरायचे कारखाने निघाले. मग १८८८ मध्ये तिथल्या सरकारनं नियम केला की आदिवासींनी मासा फक्त खाण्यापुरता धरायचा, विकायचा नाय. ज्यांची नदी त्यांनाच चोर ठरवलं. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. लाकूडफाटा आणायला गेलेल्या बाईला चोर म्हणतात, ते आपण रोज ऐकतो.

पुढं १९८४ मध्ये मस्क्वियम जमातीचे रोनाल्ड स्पॅरो यांच्यावर केस झाली. गुन्हा काय? जाळं २५ वावांचं पाहिजे आणि त्यांचं होतं ४५ वावांचं. वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर होतो तो, आपण मोजतो तसाच. दंड भरून सुटले असते. पण ते आणि त्यांची जमात म्हणाली, आम्ही इथं बापजाद्यांपासून मासे धरतोय, हा आमचा हक्क आहे. केस वर वर चढत गेली. १९९० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा हक्क खरा आहे, तो नुसत्या नियमानं पुसता येत नाय. पहिल्यांदा मासा टिकला पाहिजे, त्यानंतर आदिवासींच्या खाण्याचा आणि त्यांच्या रीतीभातीचा हक्क, आणि मग बाकीचे धंदेवाले आणि हौशी गळ टाकणारे. विकण्याचा प्रश्न मात्र त्या निकालात सुटला नाय. तेवढं अर्धवटच राहिलं.

आपल्याकडं काय आहे? २००६ चा वनहक्क कायदा आहे. आपण सगळ्यांनी त्यातला प्लॉटचा दावा भरला, कारण पोट त्यावर आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातल्या इतर वस्तू असं स्पष्ट लिहिलंय. तानसा अभयारण्य १९७० मध्ये जाहीर झालं. आपल्याला सांगतात, अभयारण्यात तुमचा हक्क नाय. खोटं आहे. कायद्यात वनजमीन म्हणजे अभयारण्यसुद्धा, असं लिहिलंय. आणि नियमात पुराव्याच्या यादीत मासे धरण्याच्या जागा हेही आहे, म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातल्याच एका भावाचं पाग हिसकावून घेतलं. कुणी घेतलं त्याचं नाव इथं घेत नाय. त्याला पावती दिली नाय, गुन्हा लिहिला नाय, नुसतं जाळं नेलं. ते पाग त्याच्या बापानं विणलेलं होतं. तो विचारायला गेला तवा म्हणाले, तुझ्याकडं कागद काय आहे? तो गप्प परत आला. तो कागद आपण त्याला द्यायचा आहे.

एक कडू गोष्टही बोलतो. आपलीच काही पोरं डोहात सुरुंग टाकतात, ब्लिचिंग पावडर टाकतात. म्हातारी माणसं गेळाचं फळ कुटून टाकायची, त्यानं मासा गुंगायचा, तोही उन्हाळ्यातल्या तुटक डोहात, पाड्यानं ठरवून. पावडरीनं पिल्लूही मरतं आणि त्याच डोहाचं पाणी गुरं पितात. वलगणीतसुद्धा पूर्वी सगळा ओहोळ अडवत नव्हते, एका कडेला वाट सोडायचे. आता दोन्ही काठांना जाळी दिसते. कोर्टानं तिथं पहिलं काय म्हटलं? मासा टिकला पाहिजे. हे आपल्या म्हाताऱ्यांना कोर्टाशिवाय कळत होतं. दाव्यासोबत पाड्याचा नियमही लिहून जोडावा असं आमचं मत आहे. काही जणांना हे पटलेलं नाय, त्यावर भांडण होऊ दे, पण बैठकीत होऊ दे.

मुरबाडकडची मंडळी आली आहेत. काळू नदीवर धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालं, आणि २०१२ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टानं ते थांबवलं. हे लढून मिळालंय. पण थांबवणं म्हणजे रद्द नव्हे. त्यांनी काळूच्या डोहांची यादी आतापासून करावी. कुठल्या डोहात कुठला मासा, कुठल्या ओहोळानं चढतो, कुठल्या पाड्याची कुठली जागा. पंचनामे करणारे साहेब घरं मोजतात, झाडं मोजतात. डोह कोण मोजणार?

तर मिरगाच्या आधी प्रत्येक पाड्यानं हे करावं. वनहक्क समितीनं कोऱ्या कागदावर आपल्या हद्दीतले डोह, ओहोळ, वलगणीच्या जागा नावानिशी लिहायच्या. नावं आपल्याच बोलीतली, साहेबी करायची नाहीत. प्रत्येक पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब, सही किंवा अंगठ्यासह, त्यातली एक बाई असावी, कारण ओहोळातलं बायांना जास्त ठाऊक असतं. नमुना ब आमच्याकडं आहे, झेरॉक्सचे पैसे गोळा झाले की वाटतो. पुढची बैठक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पाइपलाइनच्या पुलाजवळच्या आंब्याखाली. येताना जुनी पागं, खोईनी, जे काही घरात उरलं असेल ते घेऊन या, फोटो काढायचे आहेत. आणि ज्यांचं पाग गेलंय त्या भावानं पण यावं. त्याचा जबाब पहिला लिहायचा आहे.