गुन्ह्याचा माग

श्रोतेहो, गावात घरफोडी झाली की पुढच्या तासाभरात काय घडतं, हे तुम्हांला ठाऊक आहेच. सारा गाव त्या घरात लोटतो. कुणी तुटलेलं कुलूप हातात घेऊन निरखतो, कुणी उपडी पेटी सरळ करून ठेवतो. पोलीस येईपर्यंत चोरानं मागं ठेवलेल्या खुणा गावानंच पुसून टाकलेल्या असतात!

पूर्वी गावचा जागल्या पावलांचा माग शिवेपर्यंत काढी. माग ज्या गावाच्या हद्दीत शिरे, त्या गावावर पुढची जबाबदारी येई. आज हे काम पोलिसांचं आहे. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली स्थानिक गुन्हे शाखा असते. तिथली माणसं काही जादू करीत नाहीत बरं का! कौलं काढली की कडी कापली, हे पाहून ती जुन्या गुन्ह्यांशी पद्धत ताडून पाहतात. चोरीचा माल कुठं विकायला आला, याची चौकशी करतात. बोटांचे ठसे जुळवून पाहतात. जुळ्या भावांचेसुद्धा ठसे सारखे नसतात. ठशांचं वर्गीकरण करणारी कचेरी कलकत्त्यात १८९७ सालीच निघाली. त्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांचा मोठा वाटा होता.

मग एखाद्याला धरून कबूल करायला लावलं की काम झालं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरताच भाग धरला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं तर झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं.

हे सारं कशासाठी? निरपराध माणूस अडकू नये म्हणून. १८७१ च्या कायद्यानं सबंध जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करता येऊ लागल्या. तो कायदा देशभरातून १९५२ साली गेला. पण चोरी झाली की अजूनही आपलं बोट आधी गावाबाहेरच्या पालाकडं वळतं. बोट दाखवणं सोपं आहे, पण त्यापायी एका घराची चूल विझते आणि खरा चोर मोकळा राहतो.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. गुन्ह्याच्या जागी कशाला हात लावू नका. फिर्याद वाचून मगच सही करा; तिची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. आणि पंच म्हणून बोलावलं तर मागल्या दारानं निघून जाऊ नका. जे डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच पंचनाम्यात येऊ द्या. पंच कोर्टात फिरला की महिन्यांची मेहनत पाण्यात जाते.

शिक्षक बंधुभगिनींनो, एकदा वर्गात शाईची गादी ठेवून मुलांना आपापले ठसे कागदावर उमटवायला सांगा. दोन ठसे सारखे नाहीत, हे मूल स्वतः पाहील. ऐकीव गोष्ट आणि पुरावा यांतला फरक त्याला तिथंच कळेल. उद्या पंच म्हणून उभं राहायचं आहे, ते त्यालाच.