नातवाची टाच
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मावळात भातखाचरात उतरायचे तर पाय धड हवा. गेल्या वर्षी माझ्या नातवाची टाच मोटारसायकलच्या आऱ्यांत सापडली. मी घाईघाईने हळद दाबली. दवाखान्यात ती धुऊन काढताना पोर जे रडले, ते अजून कानात आहे.

हाड किंवा टाचेवरची जाड शीर उघडी पडली, की दुसरीकडची नुसती पातळ कातडी तिथे धरत नाही. तिला खालून रक्त मिळत नाही. म्हणून पोटरीवरची कातडी रक्तवाहिनीसकट, देठ राखून, खाली वळवून बसवली. मुळावरून न तोडता वेल दुसऱ्या मांडवावर न्यावा, तशी. देठ दाबला गेला तर सगळेच गेले! म्हणून दिवसरात्र पाय उंच ठेवायचा.

प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे नटनट्यांचे काम, असे मी समजे. पण टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याकडेच कपाळाची कातडी अशी वळवून नाक करून दिले होते. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली.

तेव्हा बायांनो, जखम स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून बांधा, लोंबती कातडी कापू नका आणि लगेच दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या सुईचे विचारा. हळद, चहापूड, चुना घरीच राहू द्या.

नातू आता धावतो. मात्र त्या जागी काटा रुतला तरी त्याला नीट कळत नाही. म्हणून रोज दिवेलागणीला मी त्याचा पाय मांडीवर घेऊन पाहते.