‘वी’ म्हणजे आपण
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी एका खेळण्याविषयी बोलणार आहे, हे ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर खेळण्याची चर्चा कशाला, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु आज घराघरांत आईबाप आणि मुले यांच्यात जो वाद चालतो, तो पुस्तकांवरून कमी आणि हातातल्या यंत्रावरून अधिक असतो. आखातातून सुट्टीवर येणारा मामा किंवा चाचा भाच्यांसाठी काहीतरी नवे यंत्र घेऊन येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ते मूल कोपऱ्यात बसलेले दिसते. दादी हाक मारते, ओ येत नाही. म्हणूनच अशा एका यंत्राची हकीकत मी सांगणार आहे, की ज्याच्या कर्त्यांनी दादीलाही खेळात ओढण्याचा चंग बांधला होता. ते यंत्र आता नवे म्हणून बाजारात मिळत नाही. तेव्हा मी कोणाची जाहिरात करावयास आलेलो नाही, याची खात्री बाळगा.

त्या यंत्राचे नाव ‘वी’. जपानमधील क्योतो शहरातील निन्टेंडो या कंपनीने ते २००६ साली बाजारात आणले. इंग्रजीत ‘वी’ म्हणजे आम्ही, आपण. तोच ध्वनी कंपनीने हेतुपुरस्सर घेतला. नाव इंग्रजीत लिहिताना शेवटी दोन ‘आय’ शेजारी शेजारी येतात. ती जणू खेळायला उभी राहिलेली दोन माणसे आहेत, असे कंपनीनेच सांगितले होते. इंग्रजांचे काम एका शब्दावर भागते. आपल्या मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये समोरचा माणूस बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. या यंत्राची सारी कथा या दोन शब्दांमधल्या अंतराची आहे.

ही कंपनी १८८९ साली निघाली, ती पत्ते तयार करण्यासाठी. हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते ती बनवीत असे. पुढे १९६५ साली तेथे गुनपेई योकोई नावाचा तरुण नोकरीस लागला. पदवी घेतलेली, परंतु काम मिळाले ते कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीचे. फावल्या वेळात त्याने लांबवर पोहोचून वस्तू पकडणारा एक घडीचा हात बनविला. तो मालकांच्या नजरेस पडला आणि १९६६ साली खेळणे म्हणून बाजारात आला. या योकोईंनी पुढे एक तत्त्व मांडले. त्याचे मराठी करावयाचे तर ‘वाळलेल्या तंत्राचा आडवा विचार’ असे करता येईल. आपला सुतार दारासाठी ओले लाकूड घेत नाही. ते पुढे पिळवटते. तो चांगले वाळलेले लाकूड निवडतो. तसेच तंत्राचेही आहे. जे तंत्र जुने, स्वस्त आणि भरवशाचे झाले आहे, ते घ्यावे आणि त्याचा असा उपयोग करावा, की जो आजवर कोणाला सुचला नाही. गणकयंत्राच्या स्वस्त काचेवर १९८० साली त्यांनी खिशात मावणारे खेळ बनविले, ते याच विचाराने.

आता २००१ सालाकडे येऊ. त्या साली निन्टेंडोने ‘गेमक्यूब’ नावाचे यंत्र आणले. सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन २’ पुढे ते टिकले नाही. सोनीचे यंत्र १५ कोटींहून अधिक खपले, तर निन्टेंडोचे २ कोटी १७ लाखांवर थांबले. अशा पडत्या काळात, २००२ साली, सातोरू इवाता हे कंपनीचे अध्यक्ष झाले. संस्थापक यामाउची घराण्याबाहेरचे ते पहिलेच अध्यक्ष. साप्पोरो शहरात शाळेत शिकत असताना गणकयंत्रावर खेळ रचून ते वर्गमित्रांना दाखवणारा हा माणूस.

त्या वेळी धंद्यातील शहाण्यांचा सल्ला सरळ होता : प्रतिस्पर्ध्याहून वेगवान यंत्र बनवा, चित्रे अधिक झगझगीत करा. इवातांनी प्रश्नच फिरविला. आमचे गिऱ्हाईक दुसऱ्याने किती नेले, हे मोजण्याऐवजी खेळतच नाहीत अशी माणसे किती, आणि ती का खेळत नाहीत, हे त्यांनी विचारले. उत्तर त्यांना खेळाच्या मुठीतच सापडले. दोन्ही हातांत धरावयाच्या त्या मुठीवर दहा-बारा बटणे. लहानपणापासून सवय असलेल्या मुलाला ती पाठ. परंतु आईच्या हातात दिली, तर ती दोन मिनिटांत परत करणार. म्हणजे दार उघडे होते, पण उंबरठा फार उंच होता.

मग कंपनीतील मंडळी, शिगेरू मियामोतो आणि गेन्यो ताकेदा यांच्यासारखे जुने जाणते, कामाला लागली. त्यांनी समोर ठेवलेली कसोटी ऐकण्यासारखी आहे : हे यंत्र घरातील आईला हवेसे वाटले पाहिजे. म्हणून ते चटकन सुरू व्हावे, आवाज करू नये, वीज थोडी खावी आणि किंमत आवाक्यात असावी. एकावर एक ठेवलेल्या तीन डीव्हीडींच्या डब्यांएवढेच ते असावे, असा इवातांचा आग्रह होता. आणि त्या बटणांच्या मुठीऐवजी त्यांनी दूरदर्शन संचाच्या रिमोटसारखी एक साधी कांडी दिली. टेनिस खेळायचे असेल तर ती बॅटसारखी फिरवा. बस्स!

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या उपयोगाचा भाग सांगतो. हात फिरला, हे यंत्राला कळते कसे? घाटातून जाणाऱ्या एस.टी.ने एकदम ब्रेक दाबला की आपण पुढे फेकले जातो. गाडी थांबली तरी शरीर आपली गती सोडत नाही. कांडीत नखाएवढी सिलिकॉनची चकती असते. तिच्यात केसाहून बारीक स्प्रिंगांवर एक सूक्ष्म वजन टांगलेले असते. कांडी हलली की ते वजन, एस.टी.तील प्रवाशाप्रमाणे, मागे राहते. त्यामुळे आतील पट्ट्यांमधील अंतर बदलते, त्याबरोबर विद्युतधारकता बदलते, आणि त्यावरून गतीचा हिशेब होतो. हे तंत्र काही या खेळासाठी निघालेले नव्हते. मोटारीची टक्कर होताच हवेची पिशवी फुगावी, म्हणून अशा चकत्या त्याआधी दहा-पंधरा वर्षांपासून वापरात होत्या.

दुसरी युक्ती त्याहून गमतीची. दूरदर्शन संचावर एक पट्टी ठेवायची असते. तिला ‘सेन्सर बार’ म्हणतात, परंतु तिला स्वतःला काहीही कळत नाही! तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे आहेत, एवढेच. कॅमेरा आहे तो कांडीच्या टोकाशी. ते दोन ठिपके कोठे दिसतात, यावरून कांडी पडद्यावर कोठे रोखली आहे, ते ठरते. पट्टी काढून दोन मेणबत्त्या लावल्या, तरीही काम चालते. आपल्या कोकणातील दर्यावर्दी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. किनाऱ्यावरील दोन दिव्यांवरून आपली जागा ओळखणे, ही त्याची रोजचीच विद्या आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये ‘वी’ अमेरिकेत विक्रीस आले. किंमत २५० डॉलर. त्याच महिन्यात आलेल्या सोनीच्या नव्या यंत्राची किंमत ५०० आणि ६०० डॉलर होती. ताकदीत ‘वी’ पुष्कळच मागे; त्याचा मेंदू जुन्या गेमक्यूबच्याच मेंदूची सुधारून वाढविलेली आवृत्ती होती. तरीही लोकांनी रांगा लावल्या. सोबत मिळणाऱ्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध असे पाच खेळ होते. वृद्धाश्रमांतील आजी-आजोबा बोलिंगच्या स्पर्धा भरवू लागले. लोक एवढ्या जोरात हात फिरवीत, की कांड्या हातातून सुटून दूरदर्शन संचावर आदळू लागल्या. कंपनीला डिसेंबर २००६ मध्ये सुमारे ३२ लाख मनगटी दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या! अखेरीस १० कोटी १६ लाखांवर यंत्रे खपली. त्या पिढीतील दोन्ही बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांना त्याने मागे टाकले.

पुढे २००७ च्या अखेरीस तोल-फळी आली. तिच्यावर उभे राहिले की चार कोपऱ्यांतील वजन मोजून शरीराचा तोल कळतो. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले, की तोल मोजण्याच्या कामी ही खेळण्यातली फळी प्रयोगशाळेतील महागड्या साधनाच्या जवळपास पोहोचते. पक्षाघाताच्या रोग्यांना हाताचा व्यायाम म्हणून ‘वी’ देण्याचे प्रयोग झाले, तेव्हा पहिल्या लहान प्रयोगांतून मोठी आशा निर्माण झाली. मग चार देशांतील १४१ रोग्यांवर नीट चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१६ साली लॅन्सेटच्या न्यूरॉलॉजी विषयाच्या नियतकालिकात आला. निम्म्या रोग्यांना ‘वी’ दिले होते, निम्म्यांना पत्ते, चेंडू यांसारखे साधे खेळ. दोन्ही गटांचा हात सुधारला, आणि जवळजवळ सारखाच सुधारला.

पालकहो, या निष्कर्षापाशी क्षणभर थांबा. गुण यंत्रात नव्हता. रोज नेमाने हात हलविण्यात होता, मन रमण्यात होता. यंत्राने माणसाला उठवून उभे केले, हे त्याचे श्रेय. परंतु तेच काम साधा चेंडूही करू शकतो. म्हणून ज्या बापाला मुलासाठी महाग वस्तू घेता येत नाही, त्याने मन लहान करण्याचे कारण नाही. घरातला कॅरम बोर्ड खाली काढा आणि समोर स्वतः बसा. आणि ज्याला घेता येते, त्यानेही समजू नये की पैसे मोजले म्हणजे जबाबदारी संपली. बसण्याचे काम बाजारात विकत मिळत नाही.

या यंत्राचा उतारही सांगितला पाहिजे. नाहीतर हकीकत अर्धीच राहील. सोफ्यावर पडल्या पडल्या नुसते मनगट झटकले तरी बॅट फिरते, हे मुलांनी लवकरच शोधून काढले. २०१२ साली आलेला त्याचा वारस ‘वी यू’ १ कोटी ३६ लाखांच्या आतच अडकला. ते नवे यंत्र आहे की जुन्याचाच जोड, हेच पुष्कळांना उमगले नाही. तोवर खिशातल्या फोनवर खेळ आले होते, आणि प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा होता. जी माणसे एका पडद्यापुढे उभी राहिली होती, ती पुन्हा पांगली. इवातांनी अपयशाची जबाबदारी घेऊन २०१४ साली स्वतःचा पगार निम्मा कापून घेतला. नोकरांना काढून आकडे सुधारण्यास मात्र ते तयार नव्हते. २०१५ साली ते वारले. त्यांच्या हयातीत आखलेले ‘स्विच’ हे यंत्र २०१७ साली आले आणि कंपनी पुन्हा उभी राहिली.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटची गोष्ट खास तुमच्यासाठी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉनी ली नावाचा एक विद्यार्थी होता. कोट्यवधी मुलांच्या हातात जी कांडी होती, तीच त्याच्याही हातात होती. त्याने विचार केला, की सुमारे ४० डॉलरांच्या या कांडीत उत्तम अवरक्त कॅमेरा आहे, तर त्याचा दुसरा काय उपयोग होईल? २००७ साली त्याने एका पेनाच्या टोकाला अवरक्त दिवा बसविला, कांडी फळ्याकडे रोखून ठेवली आणि ती संगणकाला जोडली. पेन फिरेल तसे पडद्यावर उमटू लागले. शाळांना हजार डॉलरांहून अधिक किमतीला मिळणारा फळा त्याने पन्नासेक डॉलरांत उभा केला, आणि त्याची आज्ञावली सर्वांना फुकट दिली. ठिकठिकाणच्या शिक्षकांनी तसे फळे बनविले.

आपल्या शाळेची प्रयोगशाळा लहान आहे, संगणक जुने आहेत, ही तक्रार मी तुमच्या तोंडून ऐकतो. तक्रार खरी आहे आणि संस्थेने ती दूर केली पाहिजे. हे मी अध्यक्षांच्या समक्ष सांगतो. परंतु तोपर्यंत हात बांधून बसू नका. जुना रेडिओ उघडून पाहा, बंद पडलेला फोन उघडून पाहा. आत काय आहे, ते कशासाठी आहे आणि आणखी कशासाठी चालेल, हे विचारा. योकोई देखभाल कामगार होता. लीच्या हातात खेळणे होते. नवे यंत्र दोघांपाशीही नव्हते.

आणि पालकांना एकच विनंती. आपल्या घरातील कोणते दार कोणासाठी उंच झाले आहे, ते पाहा. अम्मीला फोनमधले कळत नाही म्हणून मुले हसतात काय? मुलगी अभ्यासात काही विचारते, तेव्हा ‘तुला काय करायचे आहे’ असे उत्तर मिळते काय? शिकलेला मुलगा न शिकलेल्या बापाशी बोलायचे टाळतो काय? तसे असेल, तर त्या घरात सारे ‘आम्ही’ आहेत, ‘आपण’ कोणीच नाही. मुलांनो, आज घरी गेल्यावर दादीला किंवा नानीला तुमच्या यंत्रातले एक काहीतरी शिकवा, आणि बदल्यात तिच्या लहानपणीचा एक खेळ शिकून घ्या. पुढच्या मेळाव्यात तो खेळ या मैदानावर खेळून दाखवा. मी बघायला येईन.