मुलगा मुंबईला असतो

गावात कुणी विचारले, "मुलगा कुठे असतो?" की आपण सहज सांगतो, "मुंबईला." पण पत्ता नीट वाचला, तर तो डोंबिवलीचा, बदलापूरचा, नाही तर विरारचा निघतो. नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड गावाबाहेर, असा हा संसार. तो कसा चालतो, हे आज आपण पाहू.

या वस्त्यांचे मूळ आगगाडीत आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. 1925 साली मुंबईत विजेवरची गाडी आली. शहरातली जागा परवडेना, तसा नोकरदार माणूस रुळांच्या कडेकडेने बाहेर सरकत गेला. भातखाचरे होती तिथे चाळी उठल्या आणि चाळींच्या जागी पुढे इमारती.

आता एक हिशेब करू. शिक्षक बंधुभगिनींनी तो वर्गात जरूर घालावा. बदलापूरहून बोरीबंदर, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, सुमारे 68 किलोमीटर. जायला दीड तास, यायला दीड तास. कामाचे दिवस 300 धरले, तर वर्षाचे 900 तास झाले. म्हणजे साडेसदतीस दिवस, तेही रात्री धरून! वर्षातला सव्वा महिना आपला मुलगा गाडीत असतो, आणि पुष्कळदा उभ्याने. बसायला मिळालेच, तर तिघांच्या बाकावर चौथा म्हणून. निघतो तेव्हा पोरे झोपलेली, परततो तेव्हा पेंगुळलेली. "त्याला आता गावाची ओढ राहिली नाही," असे म्हणण्याआधी हा हिशेब मनाशी करावा.

मग माणूस तिथे टिकतो कसा? तो तिथेही गाव उभे करतो. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेले सोबती. एखादा दोन दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी होते. कुठे डब्यात टाळांवर भजन चालते. दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा होते. डोंबिवलीत 1999 पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते आणि अनोळखी शेजारी त्या दिवशी ओळखीचे होतात.

पण गर्दी काही कमी होत नाही. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या गाडीतून खाली पडले. त्यांतल्या काहींचे प्राण गेले.

तेव्हा पुढच्या खेपेला मुलाकडे जाल, तेव्हा एक दिवस सकाळी त्याच्याबरोबर फलाटावर जाऊन उभे राहा. ती गर्दी डोळ्यांनी बघा. आणि त्याला एवढेच सांगा, "बाबा, एक गाडी चुकली तरी चालेल, कामावर उशीर झाला तरी चालेल. पण दारात लटकू नकोस." वडीलधाऱ्यांचा शब्द अजून मानला जातो.