विमानावर रंगवलेली चेष्टा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. पण जुन्या यंत्रांचं मला वेड आहे. आज मी जुन्या विमानांच्या एका संग्रहालयाबद्दल बोलणार आहे. विमानं अमेरिकेतली, माणसं अमेरिकेतली. तुम्ही म्हणाल, त्याचं आपल्याला काय? पण त्या संग्रहालयापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो चार माणसांची समिती असलेल्या कुठल्याही संस्थेपुढे उभा राहतो. संस्थेत जी चेष्टा चालते, तिची जबाबदारी कोणाची?

गोष्ट 1957 सालची. टेक्सासच्या दक्षिण टोकाला लॉइड नोलन आणि त्यांच्या काही वैमानिक मित्रांनी वर्गणी काढून दुसऱ्या महायुद्धातलं एक पी-51 मस्टँग विमान विकत घेतलं. युद्ध संपल्यावर अशी हजारो विमानं भंगारात निघाली होती. ॲल्युमिनियमसाठी ती वितळवली जात होती. ज्या विमानांनी युद्ध जिंकून दिलं त्यांचा एकेक नमुना तरी उडण्याजोगा ठेवावा, असं त्या वेळी फार थोड्या लोकांना वाटत होतं. या मित्रांना ते वाटलं. हे काम मोलाचं होतं, यात शंका नाही.

आता चेष्टा बघा. कोणीतरी त्या मस्टँगवर रंगाने लिहून ठेवलं : ‘कॉन्फेडरेट एअर फोर्स’. सगळे हसले आणि तेच नाव कायम झालं. पुढे प्रत्येक सभासदाला ‘कर्नल’ म्हणायचं ठरलं. खाली कोणी नाही, वर कोणी नाही, सगळेच कर्नल. आणि या फौजेचा प्रमुख कोण, तर कर्नल जेथ्रो कल्पेपर नावाचा एक काल्पनिक गृहस्थ! 1961 साली ही मंडळी ना-नफा संस्था म्हणून रीतसर नोंदली गेली आणि भिंतीवरच्या पाटीवरही तेच नाव आलं.

या एका नावात खरं तर दोन वेगवेगळ्या चेष्टा आहेत. सगळ्यांनीच कर्नल होणं ही पहिली. ती सैन्यातल्या मानपानाची, हुद्द्यांची टिंगल आहे. हे लोक स्वतः सैन्यात राहून आलेले होते. म्हणजे ते स्वतःलाच हसत होते. मला ती आवडते. दुसरी चेष्टा ‘कॉन्फेडरेट’ या शब्दात आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या 11 राज्यांचं ते नाव. टेक्सास त्यातलंच एक. 1861 ते 1865 असं चार वर्षं युद्ध झालं, ती राज्यं हरली, गुलामगिरी गेली. आणि ज्या 1957 साली हे नाव विमानावर चढलं, त्याच वर्षी शेजारच्या अर्कान्सास राज्यात, लिटल रॉक शहरात, नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना शाळेत पोचवायला केंद्र सरकारला लष्कर पाठवावं लागलं होतं. त्या मुलांच्या घरी हा शब्द ऐकून कोणाला हसू आलं असतं का?

ही चेष्टा चालून गेली, कारण जिच्यावर ती बेतली होती ती माणसं त्या हँगरमध्ये नव्हती. मित्रांची टोळी असते तोवर हे एक वेळ खपतं. पण संस्था नोंदवली, देणग्या घेतल्या, तिकीट लावून लोकांना बोलावलं की मग ती टोळी राहत नाही. तुम्ही इतिहासाचे राखणदार होता. आणि इतिहास एकट्या जिंकणाऱ्यांचा नसतो.

1971 साली या संस्थेने एक मोठी कामगिरी केली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, अमेरिकी नौदलाच्या शस्त्रचाचणीच्या मैदानावर, बी-29 जातीची जुनी बॉम्बफेकी विमानं निशाणा म्हणून पडून होती. त्यातलं एक त्यांनी मिळवलं, उडवत टेक्सासला आणलं, मेहनतीने दुरुस्त केलं. त्याचं नाव ‘फिफी’. पुढे कित्येक वर्षं जगात उडणारं बी-29 हे एकच होतं. इंजिनिअर म्हणून मी त्या लोकांना हात जोडतो.

आणि याच विमानाचं त्यांनी 1976 साली काय केलं? ऑक्टोबर महिना. टेक्सासमधलं हार्लिंजन गाव. विमानांच्या कसरती बघायला मोठी गर्दी जमलेली. फिफी चालवायला बोलावलं होतं पॉल टिबेट्स यांना. 6 ऑगस्ट 1945 रोजी ज्या बी-29 मधून हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, त्या ‘एनोला गे’चे हेच वैमानिक. फिफी मैदानावरून गेलं, खाली स्फोट केला गेला आणि अणुबॉम्बच्या ढगासारखा, छत्रीच्या आकाराचा धूर आकाशात चढला. करमणूक म्हणून!

हिरोशिमात 1945 संपेपर्यंत सुमारे 1,40,000 माणसं मेली. त्या सकाळी दहा वर्षांचं असलेलं आणि वाचलेलं मूल 1976 साली 41 वर्षांचं होतं. तो ढग त्याने खालून पाहिला होता. हार्लिंजनला तो तिकीट काढून दाखवला गेला. जपानमधून तीव्र निषेध झाला, हिरोशिमाच्या महापौरांनी निषेध केला आणि शेवटी अमेरिकेच्या सरकारला माफी मागावी लागली.

कोणी म्हणेल, हा विनोद नव्हता, युद्धातल्या एका घटनेचा देखावा होता. मान्य. पण मुळाशी सवय तीच आहे. ज्याच्या जखमेवर आपण खेळ मांडतो तो प्रेक्षकांत बसलेला नाही, असं गृहीत धरायची सवय. वीस वर्षं नावाची चेष्टा पचली की ढगाचा खेळही पचेल असं वाटू लागतं. अशा वेळी कोणीतरी उठून ‘हे करायचं नाही’ म्हणायला हवं. नेतृत्व म्हणतात ते हेच. प्रमुख काल्पनिक असेल तर हे म्हणणार कोण?

आता याची दुसरी बाजू. वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संस्थेचं राष्ट्रीय हवाई आणि अवकाश संग्रहालय आहे. 1987 पासून मार्टिन हारविट त्याचे संचालक होते. जन्म प्रागचा, पेशाने खगोलशास्त्रज्ञ. तरुणपणी अमेरिकी सैन्यात असताना त्यांनी पॅसिफिक महासागरातल्या अणुचाचण्या जवळून पाहिल्या होत्या. युद्धाला 50 वर्षं होत असताना, 1995 साली, खुद्द एनोला गे विमानाचा सांगाडा लोकांना दाखवायचं त्यांच्या संग्रहालयाने ठरवलं. पण नुसतं विमान नाही. विमानाखाली काय घडलं तेही दाखवायचं होतं. हिरोशिमा आणि नागासाकीहून काही वस्तू आणायच्या होत्या. त्यात एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता. आतल्या अन्नाचा कोळसा झालेला.

माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं. ज्या सैनिकांना जपानवर उतरून लढावं लागणार होतं, त्यांना त्या बॉम्बमुळे आपला जीव वाचला असं मनापासून वाटत होतं, आणि जपानी सैन्याने आशियात केलेले अत्याचारही खरेच होते. यावर वाद घालता आला असता, मजकूर सुधारता आला असता. तो सुधारलाही गेला, अनेकदा. पण 1994 मध्ये अमेरिकी सिनेटने एकमताने प्रदर्शनाच्या मजकुराविरुद्ध ठराव केला. जानेवारी 1995 मध्ये 81 लोकप्रतिनिधींनी हारविट यांचा राजीनामा मागितला. प्रदर्शन रद्द झालं आणि मे महिन्यात हारविट यांनी पद सोडलं. पुढे जून महिन्यात विमान मांडलं गेलं, पण तो डबा आला नाही.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी धुराचा ढग उडवून खेळ झाला. दुसऱ्या ठिकाणी एका माणसाने त्या ढगाखालच्या मुलीचा डबा आदराने काचेत ठेवायचा ठरवला आणि त्याला खुर्ची सोडावी लागली. चेष्टा समाज सहज पचवतो, गांभीर्य पचवायला त्याला जड जातं. चेष्टेने आपल्याला काही विचारावं लागत नाही. डबा मात्र प्रश्न विचारतो.

मग नाव बदलून काय होतं? आमच्या क्षेत्रात हा वाद झाला आहे. संगणकाच्या परिभाषेत एक यंत्र ‘मास्टर’ आणि त्याचं ऐकणारं दुसरं ‘स्लेव्ह’ असं सर्रास म्हटलं जायचं. पायथॉन भाषेने 2018 मध्ये हे शब्द काढायला सुरुवात केली आणि 2020 मध्ये गिटहबने नव्या प्रकल्पांसाठी ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ हे नाव घेतलं. तेव्हा आमच्यातले बरेच जण कुरकुरले : शब्दाने काय फरक पडतो? फरक पडत नसेल तर बदलायला एवढा त्रास का होतो, हा माझा साधा प्रश्न आहे. प्रोग्राम लिहिताना गमतीने दिलेलं नाव दहा वर्षांनी शंभर फाइलींत पसरलेलं असतं. पहिल्या दिवशी ते एका मिनिटात बदलता आलं असतं.

टेक्सासच्या त्या संस्थेला 44 वर्षं लागली. पण त्यांनी बदललं, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सभासदांनी मतदान केलं आणि 1 जानेवारी 2002 पासून ती ‘कमेमोरेटिव्ह एअर फोर्स’ झाली, म्हणजे स्मृती जपणारं हवाई दल. आद्याक्षरं तीच राहिली. आज त्यांचंच एक पथक लाल शेपटीचं पी-51 मस्टँग उडवतं आणि गावोगावी टस्कीगी वैमानिकांची गोष्ट सांगतं. हे अमेरिकी सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिक. विमानाची जात तीच, जिच्यावर 1957 मध्ये ती चेष्टा रंगवली गेली होती. जुन्या पाटीखाली उभं राहून ही गोष्ट सांगता आली असती का?

हे लोक मुळात वाईट नव्हते. 12 नोव्हेंबर 2022 रोजी डॅलसच्या प्रदर्शनात त्यांची दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळली आणि सहा जण गेले. आपल्या कामावर त्यांची केवढी निष्ठा होती ते यातून कळतं. पण चांगल्या, निष्ठावान माणसांच्या हातूनही सवंग चेष्टा घडते, आणि ती चांगल्या कामाच्या अंगावर डागासारखी राहते. आपल्या संस्था अशाच माणसांच्या असतात, म्हणून तर हे सांगतो आहे.

मी हसू नका असं म्हणत नाही. ज्या बैठकीत कोणी हसत नाही तिथे मला गुदमरतं. अध्यक्षांवर हसा, स्वतःवर हसा, सगळे कर्नल व्हा. पण आपल्या संस्थेच्या गटात, मंचावर, संमेलनात एखादी चेष्टा रंगात आली की एवढंच बघा : ती जिच्यावर आहे, ती व्यक्ती आत्ता दार उघडून आत आली तर आपण बोलायचं थांबू का? थांबणार असू, तर ती व्यक्ती यायची वाट कशाला बघायची? आणि हे बोलून दाखवायचं काम अध्यक्ष-सचिवांचं आहे. त्यांनी नाही केलं तर शेवटच्या रांगेतल्या सभासदाने करावं. नाव बदलायचं ठरवलं ते तिथेही सभासदांनीच.