पेंडीवरची शेंदरी बुरशी



घाण्यातून शेंगदाण्याचं तेल निघतं.
मागे उरते पेंड.
आपल्याकडे ती गोठ्यात जाते, गाई-म्हशींपुढे.

इंडोनेशियात, जावा बेटाच्या पश्चिम भागात,
हीच पेंड माणसांच्या ताटात येते.
ही किमया करते एक बुरशी.
तिचं नाव न्यूरोस्पोरा.

पेंड भिजवतात, वाफवतात, गार करतात.
मग तिला आधी तयार झालेल्या वडीवरची बुरशी लावतात.
दीड-दोन दिवसांत सगळी पेंड शेंदरी!
या पदार्थाला म्हणतात ओंचोम.

आत काय घडतं?
आपल्याला न पचणारा चोथा बुरशी फोडते.
त्यावरच ती वाढते.
प्रथिनं पचायला सोपी होतात.
आणि तो रंग? गाजराच्या रंगाच्याच कुळातला.

पुन्हा सांगतो.
तेल काढून उरलेला चोथा,
आणि बुरशीनं त्याचं केलेलं अन्न.

याच बुरशीच्या एका बहिणीवर बीडल आणि टेटम या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले.
त्यासाठी १९५८ साली त्यांना नोबेल मिळालं.

घरच्या बुरसटलेल्या पेंडीला मात्र हात लावू नका.
तिच्यावर वाढणारी वेगळी, हिरवट बुरशी
अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते.

जावातल्या बांडुंग शहरात ओंचोमचे तुकडे पिठात घोळवून तळतात.
सोबत तिखट हिरवी मिरची.
भजीच म्हणा ना!